१२ टनी मोटरहोमसाठी काँक्रीटचा ड्राइव्हवे: जाडीच्या आधी जमीन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोटरहोम ११ मीटर लांब, सामानसुमान आणि पाण्याच्या टाक्या भरून वजन १२ टन. घराच्या कडेला १४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद जागा आहे. मिस्त्री म्हणतो, ४ इंच काँक्रीट पुरे, फार वाटलं तर सळई दुप्पट टाकू. शिवाय जुनी, कारसाठी केलेली ४ इंची लादी थोड्या भागात आहेच, तिच्यावर २ इंच चढवून भागेल का?

उत्तर आधी देतो, कारणं मग. ६ इंच जाडी, कडांना ९ इंच. रुंदी ३ नाही, ४ मीटर. सळई दुप्पट करून जाडीची भरपाई होत नाही. जुन्या लादीवर २ इंच चढवू नका. आणि या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची जमीन. माझ्या हातून फोडल्या गेलेल्या बिघडलेल्या लाद्यांपैकी बहुतेकींचं काँक्रीट ठीकच होतं. खाली काही नव्हतं, म्हणून त्या गेल्या.

आधी १२ टन या आकड्याबद्दल. लादीला गाडीचं एकूण वजन कळत नाही, तिला चाक कळतं. दोन आसांच्या (ॲक्सलच्या) १२ टनी गाडीत पुढच्या आसावर साडेचार आणि मागच्यावर साडेसात टन असं काहीसं वाटप असतं. म्हणजे मागच्या एका बाजूच्या जोडचाकांवर पावणेचार टन. तुमच्या गाडीचे खरे आकडे वजनकाट्यावर घ्या, पुढचा आस वेगळा, मागचा वेगळा, आणि तेही टाक्या भरून. कागदावरचं रिकाम्या गाडीचं वजन इथे कामाचं नाही.

अशा टायरमध्ये हवा ७ ते ८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाची असते, आणि टायर जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देतो. एम-३० काँक्रीट (एम हा ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तितकं मजबूत) चिरडायला याच्या चाळीसपट दाब लागतो. तेव्हा काँक्रीट चाकाखाली चिरडेल ही भीती मनातून काढून टाका. ते मोडतं ते वाकून. चाकाखाली लादी किंचित खचते, तिचा तळ ताणला जातो, आणि ताण सोसण्यात काँक्रीट फार लेचंपेचं. जाडी लागते ती याचसाठी.

वाकण्यातली ताकद जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४ इंचांऐवजी ६ इंच केलंत तर काँक्रीट दीडपट लागतं, पण ताकद सव्वादोन पट मिळते. याउलट ४ इंच तसंच ठेवून एम-२० ऐवजी एम-३० वापरलंत तर वाकण्यातली ताकद साधारण २२ टक्क्यांनीच वाढते. तेवढी तर नुसता अर्धा इंच जाडी वाढवून मिळते. म्हणून कुणी ‘जाडी तीच ठेवू, माल भारी वापरू’ म्हणालं तर ऐकून घ्या आणि जाडीच वाढवा. माल चांगला हवाच, पण त्याची कारणं वेगळी आहेत, पुढे सांगतो.

आता कडा. काँक्रीटच्या फरशीवर चाक मध्ये, कडेला आणि कोपऱ्यात असताना ताण कसा बदलतो याचं गणित वेस्टरगार्ड यांनी १९२६ साली मांडलं. त्यातली घराला कामाची गोष्ट एवढीच: चाक लादीच्या मध्यावर असतं तेव्हा भार चारी बाजूंना वाटला जातो, कडेवर असतं तेव्हा एका बाजूला वाटायला कुणी नसतं, कोपऱ्यात तर दोन बाजूंना नसतं. खालच्या मातीवर पडणारा दाब लादीच्या मध्यावर टायरच्या दाबाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होतो, कडेला तो मध्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

म्हणून मी रुंदीवर अडून बसतो. गाडी अडीच मीटर रुंद आहे. ३ मीटरच्या पट्ट्यात अगदी मधोमध उभी केली तरी चाकाची बाहेरची बाजू कडेपासून २५ सेंटिमीटरवर येते, आणि अंधारात, पावसात, मागे घेताना मधोमध कोण उभी करतो? ४ मीटर केलात की दोन्हीकडे पाऊण मीटर मिळतं. जागाच नसेल तर कडा जाड करणं अधिक महत्त्वाचं होतं. कडेची ३० सेंटिमीटर पट्टी ९ इंच खोल घ्यायची आणि आत तेवढ्याच अंतरात उतरतं करत ६ इंचांवर आणायची. मधेच पायरी ठेवू नका. तिथे तडा जायला आयती जागा मिळते. रस्त्याला जिथे ड्राइव्हवे मिळतो ते टोकही असंच जाड करा, कारण प्रत्येक खेपेला चाक तिथूनच चढतं आणि थोडं आपटतंही.

आता जमिनीकडे येतो. इथे मी लांबण लावणार आहे, कारण काम इथेच बिघडतं.

एकदा असाच एक तडकलेला ड्राइव्हवे बघायला गेलो होतो. काँक्रीट वाजवून पाहिलं तर मधल्या भागात आवाज भरीव, कडेला ढोलासारखा. कडेची माती कुदळीने ओढली आणि लादीखाली हात घातला, तर कोपरापर्यंत सरळ आत गेला. शेजारच्या पन्हाळीचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच पडत होतं आणि भरावातली बारीक माती वाहून गेली होती. पुढे तुकडा उचलला तेव्हा दुसरी गंमत दिसली. जाळी होती, पण काँक्रीटमध्ये नव्हती. ती मातीत होती. हाताने ओढली तर गवत उपटावं तशी निघून आली. मालकाने सळईचे पैसे मोजले होते आणि सळई जमिनीत पुरली गेली होती. त्या मिस्त्रीनेही मालकाला ‘डबल सळई’ असंच सांगितलं होतं.

तर काम कसं करायचं. वरची काळी, मुळं आणि पालापाचोळा असलेली माती पूर्ण काढा, ती कितीही घट्ट वाटली तरी. खाली पक्का थर लागला तर उत्तम. चिकणमाती लागली, विशेषतः उन्हाळ्यात भेगा पडणारी आणि पावसाळ्यात फुगणारी, तर निदान आणखी एक फूट खोदा आणि मुरूम भरा. अशा मातीवर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं तर खडी खाली चिखलात रुतत नाही आणि चिखल वर खडीत घुसत नाही. कापड अंथरायला अर्धा तास लागतो. मी अशा मातीवर ते टाळत नाही.

भराव १५ सेंटिमीटरहून जाड थराने टाकायचा नाही. दोन फुटांचा खड्डा एकदम भरून वरून कितीही रोलर फिरवा, दाबला जातो फक्त वरचा वीतभर थर. ओलही नेमकी लागते. मूठभर माती दाबून बघा: गोळा झाला पाहिजे, पण हात ओला होता कामा नये, आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकला तर फुटला पाहिजे. फुटला नाही तर पाणी जास्त आहे, गोळाच होत नसेल तर कमी आहे. एवढ्या जागेला प्लेट कॉम्पॅक्टर चालतो, लहान रोलर मिळाला तर अधिक चांगलं. जिथे यंत्र पोचत नाही, भिंतीलगत, कोपऱ्यात, तिथे हातधुम्मसच. नेमके तेच कोपरे लोक सोडतात. घर नवं असेल तर पायाच्या बाजूचा भराव बहुधा नुसता ढकललेला असतो. त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, तेवढा पट्टा पुन्हा खोदून थराथराने भरा.

त्यावर ६ इंच दाबलेली खडी. सगळी एकाच मापाची नको, मोठी खडी, बारीक खडी आणि कच असा मिश्र माल हवा, म्हणजे पोकळ्या भरतात. दाबून झाल्यावर साधी परीक्षा: भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर किंवा मालाने भरलेला ट्रक त्यावरून चालण्याच्या वेगाने न्या आणि शेजारी वाकून चालत बघत राहा. चाकापुढे जमीन गादीसारखी हलली तर ती जागा खणा आणि नीट भरा. इथे हललेलं काँक्रीटखालीही हलणारच आहे. हे करताना मालक सोबत असावा असं मला वाटतं. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की ६ इंच खडीवरून वाद होत नाही.

जमिनीखाली काय गेलंय तेही याच वेळी बघा. सांडपाण्याचा पाइप उथळ असेल तर खोल घ्या किंवा काँक्रीटमध्ये वेढा. सेप्टिक टँकच्या झाकणावरून १२ टनांची गाडी न्यायची नाही, त्यावर ६ इंच काँक्रीट टाकूनसुद्धा नाही. आणि उद्या मोटरहोमला वीज, पाणी लागेल, तेव्हा दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. नंतर लादी कापण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

ढाळ ५० ला १, आणि घरापासून दूर. याहून जास्त दिला तर उभ्या गाडीत झोपताना डोकं खाली जातं, आणि शोषण पद्धतीचा फ्रिज असेल तर तो तिरप्या जागेवर नीट चालत नाही. रस्त्यावरून आत येताना चढ एकदम बदलू देऊ नका. मागच्या आसाच्या मागे दोन-तीन मीटर गाडी लोंबत असते, ती घासते. दोरी लावून आणि गाडीची मापं घेऊन हे आधीच बघता येतं, काँक्रीट झाल्यावर नुसतं बघत बसावं लागतं.

सळईचं काम काय, हेही स्पष्ट असावं. या जाडीच्या लादीत सळई तडा थांबवत नाही. तडा गेला तर ती त्याच्या दोन कडांना धरून ठेवते, म्हणजे एक बाजू खाली आणि एक वर होत नाही. त्यासाठी ८ मिमीच्या सळया दोन्ही दिशांना २०० मिमीवर पुरतात. महत्त्वाची आहे त्यांची जागा: वरून २ इंचांवर. ‘जाळी खाली अंथरा, माल ओतताना आकड्याने वर ओढू’ असं मजूर हमखास सांगतात. ओढतात, आणि पुढच्या क्षणी तिच्यावर पाय देऊन उभे राहतात. जाळी परत तळाला. चेअर (जाळी उचलून धरणारे छोटे टेकू) लावा, दर ८० सेंटिमीटरवर, आणि चालायला फळ्या टाका. फायबर घातलं म्हणून सळई वगळू नका. बारीक प्लास्टिकचं फायबर पहिल्या दिवसाच्या केसासारख्या भेगांसाठी ठीक आहे, चाकाच्या भारासाठी त्याचा उपयोग नाही.

आता माल. एम-३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आसपास, स्लंप (ओला माल किती पातळ आहे त्याचं माप) ७५ ते १०० मिमी, खडी २० मिमी. कडक थंडीत पाणी गोठतं अशा ठिकाणी मालात ५ ते ७ टक्के हवा धरणारं रसायन घालूनच मागवा, नाहीतर दोन हिवाळ्यांत पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. एम-३० मागवण्याचं खरं कारण टिकाऊपणा आहे. घट्ट काँक्रीटचा पृष्ठभाग झिजत नाही, तेल आणि पाणी मुरू देत नाही.

तुमची लादी ४ बाय १४ मीटर, ६ इंच जाड: ८.४ घनमीटर. जाड कडांचा एक धरा, सांडलवंड धरा, १० मागवा. म्हणजे ट्रान्झिट मिक्सरच्या दोन गाड्या. आणि एक गंमत लक्षात घ्या: भरलेला मिक्सर २५ टनांच्या घरात जातो, तुमच्या मोटरहोमच्या दुप्पट. त्याला जुन्या लादीवर, पाइपांवर किंवा तयार केलेल्या खडीच्या कडेवर चढू देऊ नका. तो रस्त्यावरच उभा राहील, माल आत नळीने, पंपाने किंवा ढकलगाडीने न्या.

मग येतो तो क्षण. मिक्सरच्या मागे ड्रायव्हर नळी हातात घेऊन उभा असतो आणि विचारतो, “पाणी सोडू का थोडं?” मिस्त्री मान हलवतो, कारण पातळ माल पसरायला सोपा. एका घनमीटरला ५ लिटर जादा पाणी घातलं की स्लंप साधारण २५ मिमी वाढतो आणि ताकद दीड ते दोन मेगापास्कलने उतरते (एम-३० म्हणजे ३० मेगापास्कल). पाच घनमीटरच्या गाडीला हे पाणी म्हणजे जेमतेम दीड बादली. ‘थोडं’ म्हणताना तीन-चार बादल्या कधी जातात कळतही नाही, आणि एम-३० चा एम-२५ होऊन जातो. माल पातळ हवा असेल तर प्लांटला सांगून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) घालून घ्या. साइटवर नळीला मालकाने हात लावू देऊ नये. मी तर नळीचं तोंड बांधून ठेवतो.

माल पडला की सुई-व्हायब्रेटर, विशेषतः कडांना आणि सळईच्या आसपास. पट्टीने ओढून समतल झाला की थांबा. वर पाणी सुटतं, चकाकतं. ते आपोआप उडून जाईपर्यंत थापी लावायची नाही. पाणी असताना घोटलं, किंवा ते सुकवायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं, तर वरचा थर दुबळा होतो आणि वर्षभरात सोलपटतो. शेवटी गुळगुळीत घोटू नका, झाडूने आडवे ओरखडे द्या. ओल्या चकचकीत उतारावर १२ टनांची गाडी घसरली तर ब्रेक काही करत नाही.

सांधे. काँक्रीट आकसणारच. तडा कुठे जावा हे तुम्ही ठरवायचं की त्याने, एवढाच प्रश्न. ६ इंच लादीला साडेतीन ते साडेचार मीटरवर सांधा हवा. तुमच्या १४ मीटरला साडेतीन-साडेतीनचे चार तुकडे, प्रत्येकी ४ बाय साडेतीन, जवळपास चौरस. लांबोडके तुकडे मध्येच तडकतात, म्हणून लांबीच्या दिशेने मधोमध सांधा घेऊ नका. कापाची खोली जाडीचा चौथा हिस्सा, दीड इंच. वेळ: करवतीने कडेची खडी उखडत नाही इतकं काँक्रीट धरलं की लगेच, बहुधा ६ ते १८ तासांत. उन्हाळ्यात ही वेळ रात्री दहालाही येते. ‘उद्या सकाळी कापू’ म्हणून गेलेला माणूस सकाळी येतो तेव्हा तडा त्याच्याआधी हजर असतो.

या वजनाला सांध्यांत डॉवेल घाला, म्हणजे चाकाचा भार एका तुकड्यावरून दुसऱ्यावर पोचतो: २० मिमीची गुळगुळीत सळई, ४०० मिमी लांब, दर ३०० मिमीवर, लादीच्या मध्य-उंचीवर. अर्ध्या भागाला ग्रीस, म्हणजे लादी आकसताना सरकेल. सगळ्या एकमेकींना समांतर आणि लादीला समतल हव्यात. एखादी तिरपी बसली तर ती सांधा जखडून टाकते आणि तडा शेजारी जातो. जाळी सांध्यापाशी तोडा. घराच्या भिंतीलगत आणि खांबांभोवती १२ मिमी जाडीची फिलर शीट उभी करून लादी सुटी ठेवा.

पाणी मारणं सात दिवस, मिश्र सिमेंट (फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेलं) असेल तर दहा ते चौदा. ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक हे दिवसातून दोनदा नळी फिरवण्यापेक्षा कितीतरी बरं. दुपारी वाळायचं आणि संध्याकाळी भिजायचं, असं काँक्रीट पृष्ठभागावर भेगाळतं. सात दिवसांनी कार न्या, मोटरहोम मात्र २८ दिवसांनी. या अठ्ठावीस दिवसांवरून नेहमी घासाघीस होते, कारण गाडी दुसरीकडे भाड्याने उभी असते. मी सोडत नाही.

जॅकचं विचारलं नव्हतंत, पण विचारायला हवं होतं. गाडी चार जॅकवर उचलून महिनोन्‌महिने ठेवणार असाल तर एका जॅकवर तीन-चार टन येतात, ३० सेंटिमीटर व्यासाच्या तव्यावर. दाब टायरपेक्षा कमीच, ६ इंच लादी तो सहज घेते. फक्त जॅक सांध्यापासून आणि कडेपासून फूट-दीड फूट आत पडतील अशी गाडी उभी करा. आधी जमिनीवर खडूने जागा आखा, मग सांध्यांची मापं ठरवा. उलटं केलंत तर एक जॅक नेमका सांध्यावर येतो.

राहिली जुनी लादी. तिच्यावर २ इंच चढवून ६ इंच होत नाहीत. दोन सुट्या लाद्या एकावर एक पडतात, आणि दोघी वेगवेगळ्या वाकतात. २ इंचांची वरची तर पहिल्याच वर्षी तुकड्यांत येते, शिवाय जुन्या तड्यांची नक्कल वर उमटते ती वेगळीच. पूर्ण फोडा. तुकडे तीन इंचांच्या आत बारीक केले, सळया वेचून काढल्या, तर तोच माल मुरमाच्या जागी खालच्या भरावात चालतो. वाहून नेण्याचा खर्च वाचला की तो कडांच्या जादा तीन इंचांत घाला.